इलियम आणि इलियम

मुलगा फार शिकला नाहीं तरी त्यानें व्याकरण तेवढें शिकावें, असा उपदेश करणारें एक जुनें सुभाषित संस्कृत पाठशाळेंतून गेलेल्या बहुतेकांस पाठ असतें. त्यांत बाप मुलास बजावितो कीं, बाबा रे, 'स' आणि 'श' यांचा घोटाळा करूं नकोस; नाहीं तर 'स्वजन' म्हणावयास जाशील आणि 'श्वजन', म्हणजे कुत्र्यांचा मेळा, जमा करशील; 'सकल' म्हणजे सर्व, त्याचें 'शकल' म्हणजे तुकडा होईल; आणि 'सकृत्' म्हणजे एकदां, त्याचें जें 'शकृत्' होईल त्याचा अर्थ चारचौघांत सांगण्याजोगा नाहीं. वर्गांत हें सांगतांना मुलें हसत आणि आम्हीही हसत असूं. परंतु अक्षराच्या अशाच एका घोटाळ्यानें आमच्याच घरांत चार दिवस काय अनर्थ मांडिला तें पाहिल्यापासून आम्हांस त्या सुभाषिताचें हसूं येईनासें झालें आहे. घोटाळा संस्कृतांतला नव्हता, इंग्रजींतला होता. आणि तो करणारा कोणी विद्यार्थी नव्हता, आम्ही स्वतः होतों.

गेल्या वर्षीं भाद्रपदांतली गोष्ट. आमच्या धाकट्या बंधूंच्या सूनबाईस दोन-तीन महिने ओटीपोटाच्या उजव्या अंगास दुखत होतें. जेवण झालें कीं दुखणें वाढे, संध्याकाळीं अंग कढत लागे आणि वजन उतरत चाललें होतें. पुण्याच्या डॉक्टरांनीं तिचें सी. टी. स्कॅन करविलें. तें झाल्यावर ती विश्रांतीसाठीं आमच्याकडे गांवीं आली आणि चिरंजीव नोकरीसाठीं पुण्यासच राहिले. अहवाल त्यांच्या मोबाईलवर गुरुवारीं सायंकाळीं आला; डॉक्टरांची भेट मात्र सोमवारीं ठरलेली होती. घरांत इंग्रजी जाणणारा वडीलधारा म्हणून फोन आम्हांस आला.

“तात्या, सोमवारपर्यंत दम निघत नाहीं. अहवालाचा फोटो पाठवूं का?”

काचेवरचीं तीं मुंगीसारखीं अक्षरें आम्हांस दिसत नाहींत. म्हणून वाचूनच दाखव, आम्ही टिपून घेतों, असें आम्हीं सांगितलें. त्यानें वाचलें, आम्हीं वहींत देवनागरींत लिहून घेतलें. मुख्य वाक्याचा आशय असा होता कीं, 'टर्मिनल इलियम' जाड झालें आहे. फोन ठेवून आम्हीं कोश उघडला. 'इलियम' सांपडलें: कमरेचें रुंद हाड. कोशाच्या त्याच पानावर थोडा वर दुसराही एक 'इलियम' बसलेला होता. परंतु हवा तो शब्द हातीं लागल्यावर वर पाहण्याचें कारण काय? चष्मा काढून आम्हीं घरांत जाहीर केलें कीं, सूनबाईच्या कमरेच्या हाडास सूज आहे.

पुढें जें झालें तें मराठी घरांत जसें होतें तसेंच झालें. हाडाचें दुखणें म्हटल्यावर भावजयीनें तेल कोमट करून कमरेस चोळावयास घेतलें, शेक सुरू झाला, आणि हाडांस बळकटी यावी म्हणून डिंकाचे लाडू वळले गेले. इकडे धाकट्या नातवानें 'टर्मिनल' म्हणजे ज्यावर उपाय उरला नाहीं असें दुखणें, असें कोठेंसें ऐकलें होतें. तें त्यानें आजीच्या कानांत सांगितलें, आणि देवघरांत रडणें सुरू झालें. सूनबाई बिचारी दोनदां म्हणाली,

“तात्या, दुखतें तें पोटांत. कमरेंत मला कांहीं होत नाहीं.”

त्यावर, हाडाची कळ पोटांत उतरूं शकते, असें उत्तर आम्हीं मोठ्या विद्वत्तेनें दिलें. शनिवारीं रात्रीं तिचें पोट फुगलें आणि लाडू, भाकरी, सर्व ओकून पडलें.

रविवारीं सकाळीं आमची पुतणी आली. ती वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिनें वही पाहिली आणि विचारलें,

“तात्या, यांतलें तिसरें अक्षर कोणतें होतें? ई कीं आय?”

वहींत तर 'इलियम' एवढेंच होतें. ती म्हणाली, “तुमच्या वहींत हा एक शब्द दिसतो, पण इंग्रजींत हे दोन शब्द आहेत. एक हाड आहे आणि एक आतडें आहे. आणि वहिनी पोटांत दुखतें म्हणतात, तर हाड आलें कोठून?” नंतर तिनें भावास फोन करून स्पेलिंग विचारलें. अक्षर 'ई' होतें. दुपारीं सूनबाईस पुण्यास नेलें. लहान आतड्याचें अगदीं शेवटचें टोंक सुजून अरुंद झालें होतें, आणि त्यांतून डिंकाचे लाडू जावेत अशी आमची अपेक्षा होती! पुढें दुर्बिणीनें तुकडा काढून तपासला, तेव्हां आतड्याचा क्षय निघाला. तूर्त पातळ अन्न आणि पुढें सहा महिन्यांहून अधिक काळ न चुकतां औषध, असा उपचार झाला. आज ती पूर्ण बरी आहे. परंतु त्या चार दिवसांत आंतडें पुरतें बंद पडलें असतें तर, हा विचार आम्हांस अजून रात्रीं जागें करितो. तेव्हां आमच्या चुकीचा वाचकांस कांहीं उपयोग व्हावा, एवढ्यासाठीं या दोन शब्दांची हकीकत येथें देत आहों.

प्रथम हाड पाहूं. कारण तें हातास लागतें. पंढरीचा विठोबा जसा कमरेवर हात ठेवून उभा आहे तसें वाचकांनीं उभें राहावें. हाताच्या पंजाखालीं जी कठीण, कमानदार कडा लागते ती या इलियम हाडाची वरची कडा होय. आपल्या स्त्रिया मूल कडेवर घेतात किंवा घागर कमरेवर टेकवितात, ती याच कडेच्या आधारानें. खुब्याचें हाड मूळ तीन हाडांचें बनलेलें असतें. वरचें रुंद, सुपासारखें पसरलेलें तें इलियम, खालीं ज्यावर आपण बसतों तें इस्कियम, आणि पुढच्या बाजूस मध्यभागीं येणारें तें प्यूबिस. लहानपणीं हीं तीन हाडें कूर्चेनें जोडलेलीं पण वेगळीं असतात. तारुण्यांत तीं सांधून एक होतात. तिघांच्या संगमावर जें उखळासारखें खोलगट भांडें तयार होतें त्यांत मांडीच्या हाडाचा गोळा फिरतो.

हें हाड वैद्यांच्या नित्य उपयोगाचें आहे. दोन्ही बाजूंच्या कडांचे माथे जोडणारी रेषा मनांत ओढली तर ती कण्यास कमरेच्या चौथ्या मणक्याच्या सुमारास छेदते. कण्यांत सुई घालून भूल देतांना भूल देणारे डॉक्टर हीच खूण हातानें चांचपतात. रक्ताच्या रोगांत हाडांतील मज्जा तपासावयाची झाल्यास मोठ्या माणसाच्या बाबतींत ती बहुधा याच हाडाच्या मागील कडेंतून काढतात. दुसरीकडे कोठें मोडलेलें हाड सांधत नसेल तर ठिगळासाठीं हाडाचा तुकडाही पुष्कळदां येथूनच घेतात.

आतां आतडें. जठराच्या खालीं लहान आतडें सुरू होतें. मरणोत्तर मोजलें तर मोठ्या माणसांत तें सहा-सात मीटर भरतें. जिवंतपणीं स्नायूंच्या ताणामुळें त्याहून बरेंच आखूड असतें. त्याचे तीन भाग करितात, आणि त्यांचीं नांवें संस्कृताच्या विद्यार्थ्यास मोठी मौज वाटावी अशीं आहेत. पहिला भाग ड्युओडेनम. हा शब्द लॅटिनांतील 'बारा' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियांत हिरोफिलस नांवाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. त्यानें या भागाची लांबी बारा बोटांच्या रुंदीइतकी पाहून त्यास ग्रीक भाषेंत 'बारा बोटांचें' असें नांव दिलें, आणि लॅटिन नांव हें त्याचेंच भाषांतर होय. आपल्याकडे बारा अंगुलें म्हणजे एक वीत. आणि ड्युओडेनम भरतें सुमारें २५ सेंटिमीटर, म्हणजे एक मोठी वीतच. दुसरा भाग जेजुनम. त्याचा अर्थ 'उपाशी' किंवा 'रिकामें', कारण प्रेत उघडून पाहतां हा भाग बहुधा रिकामा आढळे. तिसरा आणि शेवटचा भाग तो हा दुसरा इलियम. ड्युओडेनम सोडून जें लहान आतडें उरतें त्याचे वरचे सुमारें दोन पंचमांश जेजुनम आणि खालचे तीन पंचमांश इलियम असें मानितात. दोहोंच्या मध्यें ठळक अशी सीमारेषा नाहीं.

इलियमच्या शेवटाला, जेथें तें मोठ्या आतड्यास मिळतें, 'टर्मिनल इलियम' म्हणतात. 'टर्मिनल' म्हणजे येथें केवळ 'टोंकाचें'. आगगाडीचें शेवटचें स्थानक जसें टर्मिनस, तसें हें आतड्याचें टर्मिनस. असाध्य रोगाच्या अर्थानें तोच शब्द योजतात हें खरें. परंतु अवयवाच्या नांवापूर्वीं तो आला तर त्यांत आयुष्याच्या शेवटाचा कांहीं संबंध नसतो. एवढी एक गोष्ट आम्ही जाणत असतों तर देवघरांतलें रडें वांचलें असतें.

आतां प्रश्न असा कीं, दोन सर्वस्वीं भिन्न वस्तूंस जवळ जवळ एकच नांव पडलें कसें? लॅटिन भाषेंत 'ईलिया' असा एक बहुवचनी शब्द आहे. बरगड्यांच्या खालचा आणि खुब्याच्या वरचा मऊ भाग, म्हणजे आपण ज्यास कूस म्हणतों तो, हा त्याचा अर्थ. आणि पोटांतलीं आतडीं असाही अर्थ त्यास होता. यापासून 'ऑस इलियम' हें नांव झालें. 'ऑस' म्हणजे हाड, आणि 'इलियम' हें 'ईलिया' याचें षष्ठीचें बहुवचन. एकूण 'कुशींचें हाड'. पुढें बोलण्याच्या सोयीसाठीं 'ऑस' गळून गेलें आणि षष्ठी एकटी उरली. लॅटिनांत 'अम्' हा प्रत्यय संस्कृतांतल्याप्रमाणेंच नपुंसकलिंगी प्रथमेचाही असल्यामुळें, जी षष्ठी होती तीच लोकांस प्रथमा वाटूं लागली. 'रामाचें घर' म्हणतां म्हणतां 'घर' गळावें आणि 'रामाचें' हेंच घराचें नांव व्हावें, तसा हा प्रकार आहे.

आतड्याच्या नांवाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ग्रीक वैद्य पोटांत पीळ पडून होणाऱ्या भयंकर शूळास 'एईलेओस' म्हणत. हा शब्द गुंडाळणें, पिळणें या अर्थाच्या ग्रीक धातूपासून झाला. भाषाशास्त्रज्ञ त्या धातूचा संबंध आपल्या 'वल्' धातूशीं जोडतात. 'वलय' त्यांतलाच, आणि मराठींतलें 'वळणें'ही त्याच कुळांतलें. वेटोळीं घालून पडलेल्या आतड्याच्या दुखण्यास याहून समर्पक शब्द कोणता? मध्ययुगांत युरोपांतले वैद्य लॅटिन लिहूं लागले तेव्हां लॅटिन 'ईलिया' म्हणजे कूस अथवा आतडीं, आणि ग्रीक 'एईलेओस' म्हणजे आतड्याचा शूळ, या दोहोंची मिसळ झाली. आणि तींतून 'ई' अक्षराचें 'इलियम' आतड्याच्या शेवटच्या भागास चिकटलें, असें व्युत्पत्तिकार मानितात. म्हणजे हा घोटाळा आमच्या वहींत प्रथम झाला असें नव्हे. तो शब्दांच्या जन्माबरोबरच झालेला आहे. यांत आणखी भर म्हणून होमरच्या महाकाव्यांतील ट्रॉय नगरीचें लॅटिन नांवही 'इलियम'च, आणि त्याचें स्पेलिंग हुबेहूब हाडाचें. त्या नगरीचा हाडाशीं वा आतड्याशीं कांहींच संबंध नाहीं. तिचा मूळपुरुष इलस नांवाचा राजा होता अशी दंतकथा आहे.

१८९५ सालीं स्वित्झर्लंडमधील बासल येथें शारीरशास्त्रज्ञांनीं एकत्र येऊन अवयवांच्या नांवांची एक सर्वमान्य यादी केली. त्यावेळीं निरनिराळ्या ग्रंथांतून सुमारें ५०,००० नांवें रूढ झालीं होतीं. तीं छाटून सुमारें ५,००० वर आणिलीं. पुढें या यादीच्या अनेक सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. १९९८ च्या यादींत पोटरीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूंस 'पेरोनिअल' या नांवाबरोबर 'फिब्युलर' हेंही नांव दिलेलें आहे. त्यामुळें 'पेरिनिअल' या अगदीं वेगळ्या भागाच्या नांवाशीं होणारी गल्लत टाळतां येते. आमच्या दोन इलियमांस मात्र असें दुसरें नांव कोणीं दिलें नाहीं. यादींत दोन्ही टिकलीं, आणि एका अक्षराच्या पातळ भिंतीनें वेगळीं राहिलीं.

इंग्रजींत ती भिंत निदान डोळ्यांस तरी दिसते. कानांस तेथेंही दिसत नाहीं, कारण इंग्रज डॉक्टर दोन्ही शब्दांचा उच्चार एकच करितात. आपली देवनागरी लिपि उच्चारानुसारी. जें कानास ऐकूं येतें तेंच ती लिहिते, आणि हा तिचा मोठेपणा आम्हीं मुलांस आयुष्यभर शिकविला. परंतु येथें तोच गुण आडवा येतो. ज्या अक्षरावर सर्व भेद अवलंबून तें अक्षर उच्चारांत नाहीं, म्हणून लिपींतही नाहीं. हाड आणि आतडें दोन्हीं 'इलियम' होऊन एका शेजेवर येतात. 'सकल' आणि 'शकल' यांचा भेद देवनागरी राखते. इलियम आणि इलियम यांचा राखूं शकत नाहीं.

अडचण येथेंच संपत नाहीं. हे दोन अवयव शरीरांतही शेजारी आहेत. इलियम हाडाची आंतली बाजू ताटलीसारखी खोलगट असते. तीस 'इलियॅक फॉसा' म्हणतात. उजव्या बाजूच्या या खोलगटांत मोठ्या आतड्याचा आरंभ असतो, आणि त्यास येऊन मिळणारें इलियम आतड्याचें टोंकही तेथेंच असतें. म्हणजे आतड्याचें इलियम हाडाच्या इलियमच्या मांडीवर विसांवलेलें असतें! आंत्रपुच्छ, ज्यास सर्व लोक अपेंडिक्स म्हणतात, तेंही येथलेंच. न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य चार्ल्स मॅकबर्नी यांनीं १८८९ सालीं अपेंडिक्सच्या दुखण्याची जी प्रसिद्ध खूण सांगितली तीही हाडावरूनच मोजतात: उजव्या इलियम हाडाच्या पुढच्या टोंकापासून बेंबीपर्यंत रेषा ओढावी आणि हाडाकडून एक तृतीयांशावर बोट दाबावें. तेव्हां अहवालांत 'उजव्या इलियॅक फॉसांत दुखतें' असें लिहिलेलें असलें तर त्याचा अर्थ हाड दुखतें असा नव्हे. त्या ठिकाणीं पोटांत दुखतें एवढाच होय. हाड तेथें केवळ पत्ता सांगण्यापुरतें आलेलें असतें.

साधित शब्दांचीही हीच तऱ्हा. 'इलियॅक' हें विशेषण हाडाचें. 'इलियल' हें आतड्याचें. 'इलिओसोआस' हा मांडी उचलणारा स्नायु, हाडाच्या कुळांतला. 'इलिओसीकल' म्हणजे लहान आणि मोठें आतडें जेथें मिळतें तें स्थान, आतड्याच्या कुळांतला. दोन्ही 'इलिओ' देवनागरींत सारखे. इंग्रजींत पहिल्यांत आय, दुसऱ्यांत ई. आमच्या पुतणीनें यावर एक युक्ति सांगितली, ती वैद्यकाचे विद्यार्थी पाठ करितात: 'ईट' म्हणजे खाणें, त्याचें पहिलें अक्षर ई, म्हणून ई असलेलें इलियम अन्नाच्या वाटेवरचें, आणि 'हिप' म्हणजे खुबा, त्याच्या मध्यभागीं आय, म्हणून दोन आय असलेलें इलियम खुब्याचें. आम्हीं ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेविली आहे.

कोणी म्हणेल, नांवांत एवढें काय आहे, रोग तर डॉक्टर पाहतातच. परंतु या दोन जागांचे रोग आणि त्यांचे उपाय किती भिन्न आहेत तें पाहावें. आतड्याच्या इलियममध्यें लसिकापेशींचे विशिष्ट ठिपके असतात. स्विस वैद्य योहान कोनराड पायर यांनीं १६७७ सालीं त्यांचें वर्णन केलें म्हणून त्यांस पायरचे ठिपके म्हणतात. विषमज्वराचे जंतु त्यांतच घर करितात, तेथें व्रण होतात, आणि उपचार न झाल्यास साधारणपणें तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तेथेंच आतड्यास भोंक पडण्याचें भय असतें. आपले वडील विषमज्वरांत रोग्यास घन अन्न देऊं देत नसत, त्यांत हें भय होतें. आतड्यांच्या क्षयाचें सर्वांत आवडतें ठिकाणही इलियमचें टोंक आणि त्याच्या शेजारचा भाग हेंच. क्षय हाडांसही होतो, परंतु त्याचा उपचार सामान्यतः अधिक काळ चालवावा लागतो आणि पथ्यही वेगळें. दोहोंत अदलाबदल झाली तर काय होतें तें आम्हीं पाहिलेंच आहे.

शाकाहारी कुटुंबांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ब-१२ नांवाचें जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाहीं. आपणांस तें दूध, दहीं, ताक यांतून काय तें मिळतें. तें शरीरांत शोषलें जातें तें मुख्यतः इलियमच्या शेवटच्या भागांत. तो भाग रोगानें निकामी झाला किंवा शस्त्रक्रियेनें काढावा लागला तर दूध कितीही प्यालें तरी पुरत नाहीं. मग तें सुईनें द्यावें लागतें. ज्यांच्या अहवालांत या भागाचा उल्लेख असेल त्यांनीं डॉक्टरांस याविषयीं अवश्य विचारावें.

आतां आमच्या भाषेविषयीं दोन शब्द. इंग्रजींत एका अक्षरावर टांगलेला हा भेद संस्कृतांत सहज आणि निर्धास्त मांडतां येतो. चरकसंहितेंत शरीरांतील ३६० अस्थि मोजिल्या आहेत. त्यांत दोन 'श्रोणिफलकें' आहेत. सुश्रुताची गणना ३०० ची आहे आणि त्याची मांडणी निराळी आहे. परंतु 'श्रोणिफलक', म्हणजे कमरेची फळी, हा शब्द ज्यानें त्या हाडाकडे एकदां पाहिलें त्यास समजावून सांगावा लागत नाहीं. आतड्याच्या तिसऱ्या भागास 'शेषांत्र', म्हणजे उरलेलें, शेवटचें आतडें, असें म्हणतात. श्रोणिफलक आणि शेषांत्र हे शब्द फोनवर कितीही खरखर असली तरी एकमेकांत मिसळणार नाहींत. हे शब्द जड वाटले तर साधी मराठी आहेच: 'खुब्याचें हाड' आणि 'लहान आतड्याचें टोंक'. परभाषेचा शब्द घरांत आणितांना त्याचा अर्थ दाराबाहेर विचारून घ्यावा. आंत आल्यावर तो आपल्या नांवानें वावरूं लागतो आणि मग त्यास कोणी विचारीत नाहीं.

शेवटीं कुटुंबांतील वडील मंडळींस आमची विनंति. हल्लीं अहवाल डॉक्टरांच्या आधीं घरीं येतात, आणि प्रत्येक घरांत इंग्रजी जाणणारा एखादा तात्या असतोच. त्यानें अहवाल ऐकून नव्हे, डोळ्यांनीं पाहून वाचावा. दिसत नसेल तर अक्षरें एकेक करून लिहून घ्यावीं आणि इंग्रजी शब्द इंग्रजींतच लिहावा. मूत्रपिंडापासून मूत्राशयाकडे जाणारी नळी 'युरेटर', आणि मूत्राशयापासून बाहेर जाणारी 'युरेथ्रा'. खडा कोणत्या नळींत अडकला यावर पुढचें सर्व अवलंबून असतें, आणि या दोहोंचाही आम्हीं घरोघर घोटाळा ऐकला आहे. डॉक्टरांस विचारतांना नुसतें नांव विचारूं नये. 'हें हाड आहे कीं आतडें? हात लावून दाखवा' असें विचारावें. आणि डॉक्टरांची भेट होईपर्यंत कोशावरून तेल, शेक वा लाडू ठरवूं नयेत.

परंतु यांहूनही मोठी गोष्ट दुसरीच आहे, आणि ती लिहितांना आम्हांस लाज वाटते. सूनबाईनें दोनदां सांगितलें होतें कीं दुखतें तें पोटांत. तिच्या त्या एका वाक्यांत ई आणि आय यांचा निकाल लागलेला होता. कोश आमच्या हातीं होता, शरीर तिचें होतें. आणि आम्हीं कोशावर विश्वास ठेविला. घरांतील सून दुखणें सांगते तेव्हां तें ऐकून घेणें ही रोगनिदानाची पहिली पायरी आहे, हें कोणत्याही कोशांत लिहिलेलें नसतें.

परवां भावजयीनें पुन्हां डिंकाचे लाडू केले. सूनबाईनें ताटांत लाडू वाढला आणि हसून म्हणाली, “तात्या, हा कोणत्या इलियमसाठीं?” आम्हीं मान खालीं घालून लाडू खाल्ला.